पुरलेले मोठे लोखंड मेटल डिटेक्टरवर चांदीसारखे का दिसते, आणि खोल असले की गप्प का होते

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी तालुक्यात एका द्राक्षबागायतदारांच्या शेताचे सपाटीकरण झाले आणि जुनी बोअर दोनेक फूट मातीखाली गेली. केसिंग (बोअरमध्ये उभा बसवलेला पाइप) लोखंडी होते, तोंडावर काय झाकले होते ते आठवत नाही. शोधण्यासाठी त्यांनी ११ इंची कॉइलचा (जमिनीवरून फिरवायच्या तबकडीचा) हौशी वापराचा डिटेक्टर घेतला. एका जागी (तिला ‘अ’ म्हणू) चार फूट रुंदीत ८५ ते ९५ असा आकडा येतो आणि मधेच ओव्हरलोडची सूचना लागते. तिथून पंचवीस फुटांवर (‘ब’) नेहमीच्या मोडमध्ये काहीच येत नाही, पण पिनपॉइंटचे, म्हणजे वस्तूची नेमकी जागा दाखवणारे, बटण दाबून धरले की बारीक गुणगुण ऐकू येते. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत ८५ च्या पुढे चांदी लिहिले आहे, आणि गावात कोणीतरी ‘अ’ खाली धन आहे असे सांगून ठेवले आहे. खणायचे कुठे?

आधी ‘ब’ तपासा. ‘अ’ खाली लोखंडच असण्याची शक्यता फार मोठी आहे, पण ते तुमचे केसिंग नसावे. या दोन्ही गोष्टी यंत्राच्या वागण्यावरूनच कळतात, म्हणून ते वागणे नीट समजून घेऊ.

डिटेक्टरच्या पडद्यावरचा आकडा धातूचे नाव सांगत नाही. कॉइलमधून ठरावीक फ्रिक्वेन्सीचे चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते. हौशी यंत्रांत ती बहुधा ५ ते २० किलोहर्ट्झ असते. खालचा धातू त्या क्षेत्राला उत्तर देतो, आणि ते उत्तर मूळ लहरीच्या मानाने किती मागे पडले, म्हणजे त्याची फेज किती सरकली, एवढेच यंत्र मोजते. त्या फेजला आकडा दिलेला असतो. पुस्तिकेतली यादी नाण्याएवढ्या वस्तूंवर बेतलेली आहे. वस्तू मोठी झाली की ती यादी लागू राहत नाही, आणि लोखंडाच्या बाबतीत तर ती उलटीच होते.

कारण लोखंड दोन प्रकारे उत्तर देते. एक, ते स्वतः चुंबकित होते आणि क्षेत्राला आपल्याकडे ओढून घेते. दोन, ते विजेचे वाहक असल्याने त्यात गोल फिरणारे प्रवाह, म्हणजे एडी करंट, तयार होतात आणि ते आलेल्या क्षेत्राला विरोध करतात. तांब्या-चांदीत फक्त दुसरा प्रकार असतो. लोखंडात दोघांची ओढाताण चालते, आणि कोण जिंकेल हे आकार आणि बैठक ठरवते. खिळ्यात चुंबकत्व जिंकते, म्हणून तो ‘लोखंड’ म्हणून ओळखला जातो. तव्यात, झाकणात, पत्र्यात एडी करंट जिंकतात आणि तीच वस्तू चांदीच्या घरात जाऊन बसते.

हे किती आकाराला उलटते याचा अंदाज काढता येतो. १० किलोहर्ट्झला साध्या लोखंडात क्षेत्राचा शिरकाव जेमतेम ०.१ मिलिमीटर होतो (चुंबकीय पार्यता, म्हणजे लोखंड किती सहज चुंबकित होते त्याचे माप, २०० धरून; तांब्यात हाच शिरकाव सुमारे ०.६६ मिलिमीटर). भरीव गोळ्याची त्रिज्या या शिरकावाच्या जितकी पट, तो आकडा पार्यतेपेक्षा कमी असेल तर चुंबकत्व वरचढ, जास्त असेल तर एडी करंट वरचढ. ५ मिलिमीटर त्रिज्येच्या गोळीसाठी ही पट पन्नासच्या आत येते, म्हणून ती सरळ लोखंड दाखवते. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्यासाठी ती ९०० च्या आसपास जाते, म्हणून तो चांगल्या वाहकासारखा दिसतो. मधली सीमा साधारण दोन-अडीच सेंटिमीटर त्रिज्येच्या आसपास पडते. पोलादाची जात बदलली की ती मागेपुढे होते, पण तळहातापेक्षा मोठ्या लोखंडाच्या आकड्यावर विसंबू नये, हे कुठल्याही जातीला खरे आहे.

यातून आणखी एक निघते. शिरकाव इतका उथळ असल्यामुळे वस्तू भरीव आहे की पोकळ, हे या यंत्राला कळतच नाही. बंद तोंडाचा रिकामा पिंप आणि तेवढाच भरीव ठोकळा यांचे उत्तर जवळजवळ सारखे येते. ‘आत काहीतरी भरलेले आहे असे मशीन दाखवते’ असे कोणी म्हणाले तर ते मशीनने दाखवलेले नसते.

आकाराइतकीच बैठक महत्त्वाची. पत्रा जमिनीला समांतर असेल तर प्रवाहांना फिरायला मोठे वर्तुळ मिळते आणि चुंबकत्वाला जागाच मिळत नाही; आकडा वर जातो. तोच पत्रा कडेवर उभा असेल तर लोखंडी घुरघुर येते. कडी, वॉशर, बैलगाडीच्या चाकाची धाव, पाइपचे कापलेले तोंड, म्हणजे जिथे जिथे लोखंडाचे बंद कडे आहे तिथे आकडा वरच धावतो. गज आडवा पडला असेल तर त्याच्या लांबीच्या दिशेने कॉइल फिरवल्यास दोन टोकांना दोन आवाज येतात आणि त्याला छेदून फिरवल्यास एकच. म्हणून कोणत्याही संशयित जागी उभे राहण्याची दिशा ९० अंशांनी बदलून पुन्हा फिरवणे ही पहिली चाचणी. तांब्या-पितळेच्या वस्तूचा आकडा दोन्ही दिशांनी थोडाफार तसाच राहतो. लोखंडाचा उड्या मारतो: मधोमध ९०, कडेला ऋण, फिरून ३५. तुमच्या यंत्रात फ्रिक्वेन्सी बदलता येत असेल तर एकदा ५ किलोहर्ट्झला आणि एकदा १५ च्या वर तपासा. खालच्या फ्रिक्वेन्सीला चुंबकत्वाला जोर येतो, त्यामुळे वर ९० दाखवणारे लोखंड खाली बऱ्याचदा आपले खरे रूप दाखवते.

एक गोष्ट जाता जाता. यंत्र तपासायला खिशातले रुपयाचे नाणे वापरू नका. १९९२ पासूनची १ रुपयाची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत. ती यंत्राला लोखंडाच्या बाजूची वाटू शकतात आणि तपासणीच चुकीच्या पायावर उभी राहते. तांब्याच्या जाड तारेचा जोड दिलेला वेटोळा किंवा पितळी वॉशर घ्या.

आता ‘ब’ जागेच्या गप्प राहण्याकडे येतो. इथे दोन वेगळी कारणे एकत्र येतात.

पहिले कारण अंतर. ११ इंची कॉइलची त्रिज्या सुमारे १४ सेंटिमीटर. क्षेत्र खाली जाताना आणि उत्तर परत येताना असे दोनदा क्षीण होते. लहान वस्तू ३० सेंटिमीटरवरून ६० वर गेली की परत येणारा सिग्नल सुमारे ४० पट कमी होतो, ६० वरून ९० वर गेली की आणखी दहापट. मोठ्या वस्तूच्या बाबतीत घसरण एवढी तीव्र नसते, कारण तिचा पृष्ठभाग जास्त क्षेत्र पकडतो. तरी केसिंग ७ इंची धरले आणि त्याचे तोंड दोन फुटांवर असेल तर ते या कॉइलच्या कुवतीच्या काठावरच आहे, तीन फुटांवर जवळपास बाहेर.

दुसरे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि मोठे लोखंड हुकते ते यानेच. नेहमीचा, म्हणजे डिस्क्रिमिनेशनचा (नको तो धातू गाळण्याचा) मोड ‘हलता’ मोड असतो. कॉइल फिरताना सिग्नल झटकन वाढला आणि झटकन उतरला तरच यंत्र त्याला वस्तू समजते. हळूहळू बदलणारे सगळे ते जमीन समजून वजा करते. नाण्यासाठी ही युक्ती उत्तम. पण खोलवरच्या मोठ्या लोखंडाचा सिग्नल तीन-चार फुटांत हळूच चढतो आणि हळूच उतरतो. यंत्र त्याला माती समजून टाकून देते. त्यात ऑटो ट्रॅकिंग चालू असेल तर तुम्ही जितका वेळ त्या जागेवर रेंगाळाल तितके यंत्र त्या लोखंडाशीच ग्राउंड बॅलन्स (मातीचा आवाज वजा करण्याची जुळणी) आपोआप जुळवून घेते आणि उरलासुरला आवाजही जातो. पिनपॉइंट मोड ‘स्थिर’ असतो, त्यात कॉइल हलवण्याची गरज नसते आणि ही वजाबाकी होत नाही. म्हणून तुम्हाला तिथे गुणगुण ऐकू आली. ती रुंद आणि गोल असेल, कुठूनही आले तरी त्याच ठिकाणी जोर धरत असेल, तर ती उभ्या पाइपच्या तोंडाची खूण आहे.

‘अ’ जागेचा ओव्हरलोड मात्र वेगळे सांगतो. ओव्हरलोड म्हणजे परत आलेला सिग्नल यंत्राच्या पहिल्याच टप्प्याला झेपला नाही. तो यायला लोखंड एकतर कॉइलच्या फूटभर आत असावे लागते किंवा बरेच पसरट. दोन फूट खोलीवरचे सात इंची तोंड या कॉइलला ओव्हरलोड करू शकत नाही. चार फूट रुंदी, वरचा आकडा, ओव्हरलोड, हे सगळे वरच्या थरातल्या आडव्या पत्र्याला किंवा सळईच्या जाळीला शोभते: पंपघराचा जुना पत्रा, स्लॅबचा तुकडा, सपाटीकरणात दडपलेला औताचा भाग. ओव्हरलोड आलेल्या क्षणी पडद्यावरचा आकडा तर वाचूच नये, तो निरर्थक असतो. कॉइल वर उचला, सूचना बंद होईल त्या उंचीवर थांबा, गेन (यंत्राची संवेदनशीलता) कमी करा आणि तिथून पुन्हा फिरवा. याच हालचालीने आकारही कळतो. नाण्याचा सिग्नल कॉइल वीतभर उचलली की संपतो. पत्र्याचा दीड-दोन फूट वरूनही येत राहतो. हातभर उंचीवरून चार फूट रुंद आवाज देणारे नाणे अस्तित्वात नाही.

नाशिकच्या जमिनीबद्दल वेगळे लिहायलाच हवे, कारण परदेशी व्हिडिओत सांगितलेल्या सेटिंग्ज इथे चालत नाहीत. आपली सगळी माती दख्खनच्या बेसाल्टमधून आलेली आहे. काळ्या पाषाणात मॅग्नेटाइटच्या कुळातली खनिजे असतात, ती मुरुमात आणि काळ्या मातीत उतरतात. दोन लाव्हाथरांच्या मधला तांबडा गेरूसारखा थर कधी कधी त्याहून त्रासदायक ठरतो, आणि सपाटीकरणात तो वर आला असेल तर शेताच्या एका भागात यंत्र बडबडते आणि दुसऱ्या भागात शांत असते. मुरुमात कांद्याच्या पाकळ्यांसारखे सुटत गेलेले गोल धोंडे असतात. असा एखादा धोंडा एकटाच मातीत असला तर यंत्र त्यावर हमखास आवाज करते. मात्र त्याचा आवाज कॉइल पाच-सहा इंच उचलली की मरतो, आणि ग्राउंड बॅलन्स थोडासा इकडेतिकडे केला की तो उलटा होतो किंवा नाहीसा होतो. लोखंडाचा होत नाही.

म्हणून ग्राउंड बॅलन्स हातानेच करा, ऑटो ट्रॅकिंग बंद ठेवून. संशयित जागेपासून निदान २०-२५ फूट दूर, पण त्याच प्रकारच्या मातीत, पिनपॉइंटमध्ये स्वच्छ वाटणारी जागा निवडा. कॉइल जमिनीपासून दोन इंचांवरून फूटभर उंचीपर्यंत सावकाश वरखाली करा. खाली नेताना आवाज वाढत असेल तर एका बाजूला, कमी होत असेल तर दुसऱ्या बाजूला फिरवा, दोन्ही वेळी आवाज सारखा राहील तिथे थांबा आणि ती जुळणी लॉक करा. दर पंधरा-वीस मिनिटांनी तपासा, कारण कॉइल उन्हात तापली की बॅलन्स सरकतो. गेन पूर्ण ठेवण्याचा मोह टाळा. आपल्या मातीत गेन ६०-७० टक्क्यांवर आणल्याने खोली वाढल्यासारखी वाटते, कारण मातीचा गोंगाट लोखंडाच्या सिग्नलपेक्षा वेगाने कमी होतो.

जमीन वाफशावर असताना काम करा. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात. भेगेवरून कॉइल गेली की खालची माती अचानक ‘नाहीशी’ होते आणि यंत्र ते सिग्नल म्हणून दाखवते. नांगरटीची ढेकळे असताना कॉइलची उंची कायम ठेवता येत नाही, तोच परिणाम. चिखलात मातीची वाहकता वाढते आणि खोली घटते. पाळी घालून जमीन सारखी केलेली, वाफसा आलेली, अशी वेळ सर्वांत चांगली.

आणि बाग. वाय पद्धतीच्या मांडवातले लोखंडी अँगल आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या तारा मिळून मोठमोठी बंद कडी तयार होतात, आणि डिटेक्टरला अशी कडी फार आवडतात. दोन ओळींतले अंतर ९ फूट धरले तर मधोमध उभे राहूनही तारा तुमच्यापासून साडेचार फुटांवरच असतात. इथे कॉइल ओळीला आडवी फिरवली की प्रत्येक फेरीत तारा जवळ-दूर होतात आणि खोटा चढ-उतार येतो. ओळीच्या दिशेने, मधल्या रेषेत, कॉइल जमिनीलगत ठेवून चाला. तारांचा परिणाम मग सगळीकडे सारखा राहतो आणि त्यावरचा बदल ओळखू येतो. शक्य असेल तर ८-९ इंची छोटी कॉइल लावा. जवळ पंपाची मोटर, ठिबकच्या ऑटोमेशनचे पॅनेल किंवा विजेची लाइन असेल तर वीज बंद असण्याच्या वेळेत काम करा. ५० हर्ट्झच्या हार्मोनिक्समुळे होणारी तडतड फिल्टरने पूर्ण जात नाही.

प्रत्यक्ष शोध असा घ्या. बुटात स्टीलची टोपी नसावी; मोबाइल, चाव्या, कडे, पट्टा दूर ठेवा. बांबूच्या खुंट्या आणि सुतळी वापरा, लोखंडी खुंट्या नकोत. ‘ब’ जागेभोवती १० बाय १० फुटांचा चौकोन आखून दर फुटावर सुतळीच्या ओळी करा. डिस्क्रिमिनेशन पूर्ण बंद, किंवा थेट पिनपॉइंट किंवा ऑल-मेटल (कोणताही धातू न गाळणारा) मोड. चौकोनाबाहेर बॅलन्स करून आत या, प्रत्येक ओळीवरून कॉइल जमिनीपासून एकाच उंचीवर, सावकाश न्या. आवाज जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे फक्कीने टिंब करा. आधी उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम. टिंबे जोडली की आकृती दिसते. गोल आणि अडीच-तीन फुटांची असेल तर पाइपचे तोंड किंवा त्यावरची प्लेट. लांबट असेल तर आडवा पाइप किंवा गज. चौकोनी असेल तर पत्रा किंवा जाळी. आकडा विसरा, आकृती वाचा. मोठ्या लोखंडासाठी तीच खरी भाषा आहे.

खोलीचा मीटर इथे कामाचा नाही. तोही नाण्यावर बेतलेला असतो आणि मोठी वस्तू प्रत्यक्षापेक्षा खूप वर असल्याचे सांगतो. मीटरने ८ इंच सांगितले, तेवढे खणले आणि काही निघाले नाही म्हणून खड्डा बुजवला, असे फार वेळा होते.

आता फोन. बहुतेक स्मार्टफोनमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय सेन्सर असतो, आणि उभ्या केसिंगसाठी तो चांगला साक्षीदार आहे. डिटेक्टर क्षेत्र पाठवून उत्तराची वाट पाहतो; इथे पृथ्वीचेच क्षेत्र वर्षानुवर्षे त्या पाइपला चुंबकित करत आलेले असते. लांब उभा पाइप हा त्यासाठी आदर्श आकार आहे आणि त्याचे वरचे तोंड चुंबकाच्या ध्रुवासारखे वागते. पाच-सहा फूट बांबूच्या खालच्या टोकाला फोन चिकटपट्टीने आडवा बांधा, पडदा वर, माथा उत्तरेकडे. मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) दाखवणारे साधे ॲप घ्या, त्यात तिन्ही अक्षांचे आकडे वेगळे दिसावेत. जमिनीलगत, दर अर्ध्या फुटावर थांबून, फोनची दिशा आणि पातळी अजिबात न बदलता नोंद करा. नाशिककडे एकूण क्षेत्र ४० ते ४५ मायक्रोटेस्लाच्या दरम्यान असते. उभ्या अक्षाचा आकडा एखाद्या जागी दोन-चार मायक्रोटेस्लाने सरकला आणि दोन-तीन फूट बाजूला जाताच मूळ जागी आला, तर खाली तोंड आहे. एकूण क्षेत्राचाच आकडा पाहत असाल तर आपल्या अक्षांशावर साधारणपणे पाइपच्या दक्षिणेला वाढ आणि उत्तरेला घट दिसते, वस्तू त्या दोघांच्या मधे. दोन-अडीच फुटांखाली मात्र फोन कमी पडतो, आणि बागेत अँगल चार-पाच फुटांवर असताना त्याचा भरवसा धरू नये.

हे मोजमाप किती नाजूक आहे याचे जवळचे उदाहरण अलिबागचे. मुंबईत विजेच्या ट्राम आल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय नोंद बिघडू लागणार, म्हणून ती मोजणी अलिबागला हलवली गेली; १९०४ पासून ती तिथे चालू आहे. तेव्हा शेजारी ट्रॅक्टर उभा करून फोनची चाचणी घेऊ नका.

बेसाल्टचा धोंडाही फोनला फसवतो, कारण लाव्हा थंड होताना त्यात कायमचे चुंबकत्व अडकलेले असते. पण नीट बॅलन्स केलेल्या डिटेक्टरला तो धोंडा फारसा दिसत नाही. उलट ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा तांब्याची केबल डिटेक्टरला दिसते, फोनला दिसत नाही. दोन्ही साधने एकाच फुटात बोलली तरच ते लोखंड. ‘ब’ जागेवर ही जोडचाचणी करा. ‘अ’ वरही करा: आकडा ९० असूनही फोन सरकला, तर धनाची चर्चा तिथेच संपते, कारण सोने-चांदी होकायंत्राला हलवत नाही.

एवढे करूनही काही लागले नाही तर मोठी साधने आहेत. दोन पेट्यांचा डिटेक्टर, ज्यात पाठवणारी आणि घेणारी कॉइल दांड्याच्या दोन टोकांना साधारण मीटरभर अंतरावर असतात, खिळे-बिळे बघतच नाही आणि पिंपाएवढे लोखंड दोन-तीन मीटरपर्यंत सांगतो. मांडवाच्या तारांत मात्र तो निरुपयोगी. पल्स इंडक्शन यंत्र (जे सलग लहरीऐवजी क्षेत्राचे झटके पाठवते) आपल्या मातीला पुष्कळ चांगले तोंड देते. त्यात पल्स बंद झाल्यावर किती मायक्रोसेकंदांनी ऐकायचे ते ठरवता येते: १० वरून ५० च्या पुढे नेले की पातळ, बारीकसारीक धातू गळून जातो आणि ज्यात प्रवाह रेंगाळतात ते मोठे लोखंड उरते. धातूची ओळख मात्र त्याला जवळजवळ येत नाही. सर्वेक्षण करणाऱ्यांकडचा फ्लक्सगेट किंवा प्रोटॉन मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र बारकाईने मोजणारे यंत्र) केसिंगसाठी सर्वांत खात्रीचा. जुन्या सोडून दिलेल्या तेलविहिरी अमेरिकेत हवेतून मॅग्नेटोमीटर फिरवून शोधतात ते याच तत्त्वावर. शहरातला पाइप-लोकेटर (पाइपमध्ये प्रवाह सोडून त्याचा माग काढणारे यंत्र) इथे सहसा चालत नाही, कारण थेट जोडणीसाठी त्याला पाइपचे एक उघडे टोक लागते. नाशिक शहरात डांबराखाली गेलेला व्हॉल्व्ह किंवा झाकण शोधणाऱ्यांनी हे वेगळे लक्षात घ्यावे: बिडाचे झाकण साध्या डिटेक्टरवर स्वच्छ लागते, स्टील-फायबर काँक्रीटचे पसरट आणि पुसट, आणि रबरी गास्केटच्या डीआय (डक्टाइल आयर्न) पाइपमध्ये लोकेटरचा प्रवाह सांध्यावर तुटू शकतो.

खणण्याआधी बोअरची जुनी केबल कुठे गेली ते पाहा आणि स्टार्टरचे फ्यूज काढून ठेवा. मातीखालची केबल अजून जिवंत असू शकते. मगच पहारीने किंवा १२ मिलिमीटरच्या टोकदार सळईने टोचून बघा. लोखंडावर सळई टणकन वाजते आणि उसळते, धोंड्यावर करकरते. जेसीबी वापरणार असाल तर फक्कीच्या वर्तुळापासून तीन फूट बाजूला चर घ्या आणि शेवटची माती फावड्याने काढा. बकेटच्या दातांनी केसिंगचे तोंड चेपले की त्यात पुन्हा पंप उतरत नाही. काळ्या मातीचा सरळ कापलेला खड्डा चार फुटांच्या पुढे भरवशाचा नाही, बाजू उतरत्या ठेवा.

देवळालीच्या तोफखाना सराव क्षेत्राच्या आसपासच्या गावांसाठी एक कळकळीची सूचना. तिथे लांबट, ओव्हरलोड देणारे, एका टोकाला निमुळते लोखंड लागले तर टोचू नका, खणू नका, हलवू नका. खूण करून दूर व्हा आणि ११२ वर कळवा. न फुटलेला गोळा गंजला म्हणून निर्धोक होत नाही.

‘अ’ खाली उद्या खरोखर जुनी मौल्यवान वस्तू निघालीच, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या किमतीच्या ठेव्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकांच्या जागी, उदाहरणार्थ पांडवलेणीच्या आवारात, परवानगीशिवाय खणणे हा गुन्हाच आहे.

‘ब’ जागीही काही निघाले नाही तर केसिंगबद्दलची आठवण पुन्हा तपासा. वरचे एक-दोन पाइप लोखंडी आणि खालचे पीव्हीसी, किंवा सगळेच पीव्हीसी, अशी जोडणी पुष्कळ ठिकाणी असते. पीव्हीसीला कोणताही मेटल डिटेक्टर किंवा मॅग्नेटोमीटर दाखवू शकत नाही. मग आत राहिलेला लोखंडी पाइप, पंप अडकवलेली तार, तोंडावरचा क्लॅम्प यांचा माग घ्यावा लागतो. बोअर खणणाऱ्याची जुनी पावती, सातबाऱ्यावरची बोअरची नोंद, वीजजोडणीचा खांब कुठे होता, आणि गूगल अर्थवर सपाटीकरणापूर्वीच्या वर्षांची चित्रे, यांतून जागा दहा-पंधरा फुटांपर्यंत आणता येते.

बोअर सापडली की त्याच दिवशी तिचे तोंड बंद करा, ती वापरायची असो वा नसो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये घालून दिलेल्या सूचनांप्रमाणे तोंडावर पोलादी प्लेट वेल्ड करावी किंवा नटबोल्टचे मजबूत झाकण बसवावे, आणि केसिंगभोवती ०.५० बाय ०.५० मीटरचा, ०.३० मीटर जमिनीवर आणि ०.३० मीटर जमिनीत असा काँक्रीटचा ओटा करावा. सोडून द्यायची असेल तर तळापासून वरपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरून घ्यावी. प्लेट लावल्यावर जागेची जीपीएस नोंद घ्या आणि बांधावरच्या दोन पक्क्या खुणांपासूनची अंतरे टेपने मोजून सातबाऱ्याच्या फाइलमध्ये लिहून ठेवा.